संग्रहालयातील इंटर्नशिप: तिथे नेमकं काय शिकायला मिळतं?

माणिकपूरच्या विद्यार्थ्याला वसई रोडहून चर्चगेट लोकल पकडून मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठता येतं. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात वसईच्या शेजारची एक वस्तू आहे: अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. ही नोंद नसती, तर तो कुठला हे सांगणं अवघड झालं असतं.

नोंद कशी होते?
म्हणूनच इंटर्नचा पहिला धडा असतो नोंदीचा. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. त्यापुढे माप, साहित्य, सापडल्याचं ठिकाण आणि सध्याची अवस्था लिहितात.

वस्तू कशी हाताळतात?
घामातल्या क्षारांमुळे धातू गंजतो, म्हणून हातमोजे घालतात. मडकं काठाला धरून उचलत नाहीत. एक हात तळाशी ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागते, त्यामुळे आर्द्रतेवर सतत लक्ष ठेवावं लागतं.

सोबत कोण असतं?
अभिरक्षक वस्तूंचा अभ्यास करतात, संवर्धक त्यांची दुरुस्ती व जपणूक करतात. दालनातल्या कर्मचाऱ्यांशीही जरूर बोलावं. प्रेक्षक कुठे थांबतात आणि काय विचारतात, हे ते रोज पाहत असतात.

होकार देण्यापूर्वी
मुदत, कामाचं स्वरूप, मानधन आणि प्रमाणपत्र यांची माहिती लेखी घ्या. मानधन नसेल, तर रोजच्या प्रवासाचा खर्च आधीच जमेस धरा.