साधने शोधतात, पण सांगितलेलेच

लिनक्सची पॅकेजे बांधणाऱ्यांमध्ये एक मत दृढ झाले आहे: बिल्डला काय लागते आणि रनटाइमला काय, याच्या वेगळ्या याद्या हाताने लिहिण्याची गरज उरलेली नाही, साधने ते हुडकतात, आणि लिहायचीच तर एक यादी पुरे. हे मत मला घातक वाटते.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. डेबियनचे डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे साधन तयार बायनरी तपासून तिला कोणती लायब्ररी, किमान कोणत्या आवृत्तीची लागते, हे माणसापेक्षा अचूक ठरवते. पण बायनरीत नोंद असेल तेवढेच त्याला दिसते. प्रोग्राम चालू झाल्यावर डीएलओपन या फंक्शनने उघडलेली लायब्ररी त्याच्या नजरेतून सुटते. लिनक्स यंत्रणा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने 2024 मधल्या 256 व्या आवृत्तीत, कर्नल मॉड्यूलांसाठीच्या लिबकेमॉडसह काही लायब्रऱ्या अशा उघडायला घेतल्या, तेव्हा अशी लायब्ररी सुटली तर बूट होताना अडचण येईल, असा इशारा प्रकल्पालाच द्यावा लागला. उपाय काय? बायनरीच्या ईएलएफ फाइलीत या लायब्रऱ्यांची मुद्दाम केलेली नोंद.

निक्स या पॅकेज मॅनेजरचा दाखला हमखास दिला जातो. ईल्को डॉल्स्ट्रा यांच्या 2006 च्या प्रबंधातली त्याची पद्धत तयार फाइलींत पॅकेजांच्या मार्गांतले हॅश शोधून रनटाइम डिपेंडन्सी ठरवते. पण हॅश कोणाचे शोधायचे? बिल्डसाठी जाहीर केलेल्या पॅकेजांचे आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांचेच. पूर्वपक्षाचा हा हुकमी एक्का आधी लिहिलेल्या यादीवरच उभा आहे.

बिल्डची यादी तर बायनरीतून काढताच येत नाही. कॉन्फिगर स्क्रिप्टला लायब्ररी दिसली तर ती सुविधा जोडते, नसली तर अनेकदा गुपचूप वगळते. एकाच सोर्सची दोन यंत्रांवर दोन पॅकेजे होतात. म्हणून डेबियनचे बिल्ड सर्व्हर कोऱ्या, अलग वातावरणात (chroot) मूलभूत साधने आणि यादीतल्या गोष्टी एवढेच बसवतात.

एकच यादी? इंटेल लॅपटॉपवर एआरएम बोर्डासाठी बिल्ड करताना कोड-जनरेटर इंटेलचा हवा, लायब्ररी एआरएमची. याच भेदासाठी जेंटू या लिनक्स वितरणाने 2018 मध्ये पॅकेज लिहिण्याच्या नियमांची ईएपीआय 7 ही आवृत्ती आणताना बीडिपेंड ही आणखी एक यादी वाढवली. शिवाय सगळे एकत्र केले की कंपायलर विनाकारण सर्व्हरवर जाऊन बसतो, आणि त्याच्या त्रुटी निस्तरणे आपल्या गळ्यात पडते.

तेव्हा सिद्धान्त असा: यादी हा पॅकेज बांधणाऱ्याचा दावा आहे आणि साधन ही त्याची कसोटी. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या साधनाने खुशाल भराव्यात. पण कशासाठी काय लागते, हे बांधणाऱ्यानेच लिहावे. दावाच केला नाही, तर चूक पकडायची कशावरून?