चक्का, फडकं आणि वऱ्हाडातली फळं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इटलीत एक गोड पदार्थ करतात. त्याला चूल लागत नाही, पाक लागत नाही. मस्कारपोने नावाचं लोण्यासारखं मऊ चीज घ्यायचं, साखर घालून फेटायचं, वर स्ट्रॉबेरी नाही तर पीच कापून घालायचे आणि गार करून खायचं. दूरचित्रवाणीमुळे आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलमुळे ही कृती आता आपल्याही घरांत पोचली आहे. ती ऐकून वऱ्हाडातली कुठलीही आजी म्हणेल, "हे तं शिरखंडच झालं नं बाप्पा!"

आजी फारशी चुकत नाही. मस्कारपोने हे उत्तर इटलीतल्या लोंबार्दीचं. दुधावरची साय तापवायची, लिंबाच्या आंबटाने ती घट्ट करायची आणि फडक्यात बांधून पाणी निथळू द्यायचं. आपण सायीऐवजी दही घेतो, इतकाच फरक. चूल पेटवायची नाही हे म्हणणंही दोन्हीकडे अर्धंच खरं आहे, कारण दूध किंवा साय आधी कुणीतरी तापवलेली असते. पण शेवटचा हात अग्नीचा नसतो, तो फडक्याचा असतो.

हा हात किती जुना आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय काय उपभोगावं याची त्यात मोठी यादी आहे आणि 'अन्नभोग' हा तिचा एक भाग. तिथे दह्यापासून केलेली शिखरिणी येते. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात तिचीच बहीण 'रसाला' आहे. दही आणि साखर एकत्र करून स्वच्छ कापडावर हाताने घासून गाळायची, मग वेलदोडा, मिरी, कापूर अशी द्रव्यं घालायची. परंपरेने या पदार्थाचा मान भीमाला दिला आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबलेल्या माणसाला हा मान शोभतोही.

माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला यात एक जादा गंमत दिसते. शिखरिणी हे एका वृत्ताचंही नाव आहे. सतरा अक्षरांची ओळ, सहाव्या अक्षरावर यती. घाईने म्हटलं की ते बिघडतं, आणि घाईने निथळवलं की दहीही बिघडतं! आपलं केळ्याचं शिकरण याच शिखरिणीचं घरगुती रूप. नाव राहिलं, दही गेलं आणि दूध आलं.

मग 'श्रीखंड' कुठून आलं? संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावाने राबला, पाणी भरलं, चंदन उगाळलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. उगाळलेल्या गंधाचा फिका पिवळा, गुळगुळीत लगदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे नाव पदार्थाला का शोभतं ते कळेल. क्षीर आणि खंड, म्हणजे दूध आणि खडीसाखर, अशीही एक फोड सांगतात. मला चंदनच पटतं.

आता 'चक्का' हा शब्द पाहा. अफगाणिस्तानात आणि ताजिकिस्तानात टांगून घट्ट केलेल्या दह्याला चक्काच म्हणतात. फारसीत 'चकीदन' म्हणजे थेंब थेंब ठिबकणं. टांगलेल्या फडक्याखाली गंज ठेवून रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो टप टप आवाज ऐकलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. तीच गोष्ट क्षीर आणि शीरची. ईदच्या शीरखुर्म्यातला फारसी 'शीर' आणि संस्कृतातला 'क्षीर' एकाच मुळाचे, भाषाशास्त्रात सख्खे भाऊ. हल्ली पदार्थांचे सातबारे काढायची हौस आली आहे. हा आमचा, तो त्यांचा. दसऱ्याला शेजारून आमच्याकडे श्रीखंडाची वाटी आली आणि ईदला तीच वाटी शीरखुर्मा भरून परत गेली. रिकामी वाटी परत करायची नाही एवढाच कायदा आमच्या मोहल्ल्याला ठाऊक होता. तो मोडला जाताना पाहतो तेव्हा वाईट वाटतं, म्हणून हे शब्दांचं पाल्हाळ.

पण वऱ्हाडाने बोलावं ते फडक्याबद्दल. हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला उमरावती, पुढे नुसतं 'उमरा' म्हणत. म्हणजे आपली अमरावतीच. १८६७पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. गाठी मुंबईला आणि पुढे बोटीने जात, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचं कापड या देशात विकायला येई. कापूस पिकवणाऱ्या बाईला दही टांगायलासुद्धा जुन्या धोतराचा धुऊन धुऊन विरलेला तुकडाच पुरवून पुरवून वापरावा लागे. कापूस विकून कापड विकत घ्यायचं, हा वऱ्हाडचा हिशेब तेव्हापासूनचा आहे आणि तो अजून जुळलेला नाही.

कृती सांगतो, कारण ती न सांगता उठलो तर बायका रागावतील. सायीचं घट्ट, ताजं दही एक किलो घ्या. त्यातून साधारण चारशे ग्रॅम चक्का निघेल. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दही उन्हाळ्यात बाहेर टांगू नका, आंबेल. चाळणीत फडकं अंथरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. निथळलेली निवळी फेकू नका, कढीत घाला. चक्क्यात बेताने पिठीसाखर घाला आणि पुरणयंत्रातून काढा, नाही तर जुन्या पद्धतीने कापडावर घासा. डब्यातल्या तयार श्रीखंडात साखर इतकी असते की दह्याची चवच लागत नाही.

फळांसाठी इटलीला जायला नको. स्ट्रॉबेरीच हवी तर चिखलदऱ्याला आता तीही पिकते. दसऱ्याच्या सुमारास सीताफळं येतात. बिया काढून गर हलक्या हाताने मिसळा, यंत्रात घालू नका, रवा मोडतो. अंजनगाव आणि अकोटकडचं केळं वाढतानाच कापा, नाही तर काळं पडतं. संत्र्याचा मात्र मान राखावा लागतो. वरूड-मोर्शीचं संत्रं रसाळ, चक्क्यात कालवलं की पाणी सुटतं आणि पांढऱ्या सालीचा कडवटपणा उतरतो. फाकी पूर्ण सोला, बिया काढा, अर्धा तास चाळणीवर ठेवा आणि पान वाढल्यावर, अगदी शेवटी, वरून ठेवा. खाली गळलेला रस स्वयंपाक करणाऱ्याने प्यायचा असतो.