खान्देशातील इंटरनेटप्रसार

खान्देशातील इंटरनेटप्रसार : जळगाव, धुळे आणि नंदुरबार (१ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग) या जिल्ह्यांत सर्वसामान्यांपर्यंत इंटरनेट पोहोचण्याची प्रक्रिया. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेटसेवा सुरू केली. खान्देशात ती बराच काळ शहरांतल्या सायबर कॅफेंपुरतीच राहिली. निकाल पाहणे आणि अर्ज भरणे ही तिथली मुख्य कामे. खेड्यांत इंटरनेट शिरले ते तारेने नव्हे, मोबाइलने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा आली आणि डेटा स्वस्त झाला.

तारेचे काम रखडत गेले. ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट म्हणू लागले. सुरुवातीची रचना बहुतांशी सरळ रेषेतली. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, की पुढची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वलयाकार जोडणी आहे; एकीकडून केबल तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहावी, हा तिचा हेतू. जोडलेले गाव केबल तुटली की बंद पडू शकते, म्हणून ‘जोडलेल्या ग्रामपंचायती’ हा सरकारी आकडा जपूनच वाचावा.

खरी अडचण सातपुड्यात आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तर भागात डोंगर लहरी अडवतात आणि वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली, म्हणून कंपन्यांना टॉवर परवडत नाही. अशा गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांची ४जी योजना मंजूर केली. त्याच्या कितीतरी आधी, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर आधारचा अंगठा लागू झाला, पण रेंज नसेल तर तो पटत नाही. ओळखपत्र आधी आणि रेंज मागाहून, हा क्रम सरकारचा चुकलाच.

लोकांनी मात्र इंटरनेट आपल्या सोयीने वळवून घेतले. रावेर-बऱ्हाणपूरचे केळीभाव व्हॉट्सॲपवर फिरतात. शाळेत आणि छापील माध्यमांत फारशी जागा न मिळालेली अहिराणी बोली यूट्यूबवर गाण्यांतून गाजते, तर ‘छोटू दादा’ या विनोदी कलाकाराचे हिंदी व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरील पीकनोंदणीत) शेतकऱ्याला पिकाचा फोटो शेतातूनच काढावा लागतो. रेंज नसल्यास ॲप तो फोनमध्ये साठवते आणि रेंज मिळेल तिथे जाऊन शेतकरी माहिती पाठवतो.