लव्हलेस, रॉबर्ट वॉल्डॉर्फ
(१९२९–२०१०). हाताने घडविलेल्या, न मिटणाऱ्या स्थिर पात्याच्या सुऱ्यांचे ख्यातनाम अमेरिकन कारागीर. जन्म ओहायओ राज्यातील वॉरन येथे. व्यापारी जहाजावर नोकरीस असताना, न्यूयॉर्कच्या एका दुकानात फ्लॉरिडातील सुरीकार रँडल यांची सुरी मिळण्यास दीर्घकाळ तिष्ठावे लागेल असे कळताच, त्यांनी मोटारीच्या टाकाऊ स्प्रिंगच्या पोलादातून १९५०नंतरच्या दशकात आपली पहिली सुरी घडविली.

त्यांच्या शिकारी सुरीच्या पात्याची पाठ टोकाकडे हळुवार उतरते, त्यामुळे जनावराचे पोट उघडताना टोक आतड्यांत रुतत नाही. मुठीतून शेवटपर्यंत गेलेला पोलादी दांडा मागे निमुळता होत गेल्याने सुरीचा तोल हातात आपोआप स्थिरावतो. प्रयोजनातून उपजलेले हे सौष्ठव हेच त्यांच्या कसबाचे खरे वैभव होय. १९७०नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ‘१५४ सीएम’ हे गंजरोधक मिश्रपोलाद त्यांनी सुरीकामात रूढ केले. १९७०मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सुरीकारांच्या संघाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

त्यांच्या सुऱ्यांना अमेरिकेइतकीच जपानमध्येही संग्राहकांकडून मागणी आहे. शायित विवस्त्र स्त्रीची मुद्रा असलेले नमुने विशेष मोलाचे मानले जातात. पुष्कळशा सुऱ्या मात्र शिकारीऐवजी संग्राहकांच्या कपाटातच राहिल्या, ही खेदाचीच गोष्ट होय. १९७७मध्ये रिचर्ड बार्नी यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी आपली कार्यपद्धती हातचे न राखता विशद केली. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे त्यांचे निधन झाले.