खेळाविना करार

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या पूर्वकाळात संघमालक देवघेव करीत ती खेळाडूच्या खेळाची. करारनामा हा त्या खेळावरील हक्काचा केवळ दाखला असे. जानेवारी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने विल्ट चेंबरलेन या महाकाय खेळाडूस फिलाडेल्फियाच्या हवाली केले, तेव्हा मोबदल्यात रोख रकमेबरोबर तीन खेळाडू ठरले होते. परंतु त्यांपैकी ली शॅफर नव्या संघात रुजूच झाला नाही, आणि वॉरियर्सच्या पदरी तेवढी तूट आली.

ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने, संघ बदलण्याच्या हक्कासाठी खेळाडूंनी १९७० साली गुदरलेली फिर्याद १९७६ मध्ये तडजोडीने मिटली, वेतने चढू लागली, आणि १९८४-८५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ३६ लाख डॉलरांची मर्यादा आली. ही मर्यादा अपवादांनी सैल ठेवलेली असल्यामुळे बहुतेक संघ तिच्या वरच राहू लागले. अशा संघाने देवघेवीत जेवढे वेतन बाहेर धाडावे, त्याच्या आसपासचेच आत घ्यावे, असे बंधन पडले. २००८ च्या सुमारास ही सीमा सव्वापट अधिक एक लाख डॉलर होती. या इतिहासाचे खरे वळण, माझ्या मते, या रुक्ष कलमात आहे. महागडा खेळाडू हवा, तर तागडीच्या दुसऱ्या पारड्यात तोलामोलाचे वेतन टाकणे प्राप्त झाले. आणि देणाऱ्या संघालाही असाच करार रुचे, ज्याची मुदत त्याच हंगामाअखेर संपून पुढील वर्षांचा बोजा आपोआप उतरेल. म्हणूनच २००७ साली मिनेसोटाने केव्हिन गार्नेट बॉस्टनला दिला, तेव्हा घेतलेल्या खेळाडूंत थिओ रॅटलिफ होता: आदल्या हंगामात पाठीच्या दुखण्याने अवघे दोन सामने खेळलेला, परंतु एक कोटी डॉलरांहून अधिक वेतनाचा, आणि कराराचे एकच वर्ष उरलेला.

फेब्रुवारी २००८ मध्ये तर खेळाचीही आवश्यकता उरली नाही. लेकर्सने पाऊ गसोल मिळवताना क्वामे ब्राऊनच्या मुदत संपत आलेल्या कराराला जोड म्हणून अ‍ॅरन मॅकी याच्याशी नवा करार करून त्याला मेंफिसकडे रवाना केले. मॅकी त्या वेळी फिलाडेल्फियात साहाय्यक प्रशिक्षकाचे काम पाहत होता. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या जेसन किडसाठी डॅलसने रचलेला पहिला बेत त्यांच्याच डेव्हीन जॉर्जने आपला नकाराधिकार बजावून मोडला, तेव्हा २००६ पासून मैदानाबाहेर असलेल्या कीथ व्हॅन हॉर्नची स्वाक्षरी घेऊन वेतनाचा मेळ बसविण्यात आला. मॅकी मेंफिससाठी वा व्हॅन हॉर्न न्यू जर्सीसाठी त्यानंतर एकही सामना खेळला नाही, आणि त्या संघांनी तशी अपेक्षाही धरली नव्हती. ज्या तडजोडीने खेळाडूला मालकाच्या दास्यातून सोडविले, तिच्याच पुढील विस्ताराने त्याचे नाव त्याच्या देहापासून व कौशल्यापासून वेगळे करून बाजारात फिरविले, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करणारी वाटते. जॉर्जसारख्याचा नकार त्यामुळेच मोलाचा भासतो.

संघमालक व खेळाडू यांच्यातील २०११ च्या सामूहिक करारात ही वाट बंद झाली: नव्याने करारबद्ध करून लगेच दुसऱ्या संघाकडे पाठवायचा खेळाडू आदल्या हंगामाच्या अखेरीस त्याच संघात असला पाहिजे, असे ठरले. मुदत संपत आलेल्या करारांची देवघेव मात्र तशीच चालू राहिली.