सोंगाड्या पैलवानांची बखर

पन्हाळ्यावर इतिहास सांगणारा माणूस शोधावा लागत नाही, टाळावा लागतो. एस.टी.तून उतरलेला पाहुणा तांब्याभर पाणी पितो न पितो तोच सिद्दी जौहर, अंधारबाव आणि अंबरखाना त्याच्या कानात शिरलेले असतात. अशा गावात बसून इतिहास लिहायचा म्हणजे कोल्हापुरात गूळ विकायला नेण्यासारखंच. म्हणून मी आपला एक बेवारशी विषय धरला आहे : फ्री स्टाईल कुस्तीतले सोंगाडे पैलवान. या विषयाचं अध्ययन आमच्याकडं रोज सकाळी एका चहाच्या गाडीवर चालतं. पदवी मिळत नाही, चहा मिळतो. तोही स्वतःच्या पैशानं.

अभ्यासमंडळात दोन तट आहेत. जुन्या तटाचे प्रमुख आबा. त्यांचं दैवत दारासिंग. धाकट्या तटात आमचा पुतण्या आणि त्याचे दोस्त. वयं पंचेचाळीसच्या घरात, पण अंडरटेकरचं नाव निघालं की सगळे परत सातवीत जाऊन बसतात.

हे सगळं कोल्हापूरच्या सावलीत बोलायचं म्हणजे धाडसच हो! शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी इथल्या तालमींत पोरं लाल मातीत घाम गाळत आली. १९५९ सालचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्याच तालमीत तयार झाले. इथल्या प्रेक्षकाला कुस्ती निकाली लागते. ठरवून केलेल्या कुस्तीला तो ‘नुरा कुस्ती’ म्हणतो आणि हा शब्द तो जवळजवळ शिवीसारखाच वापरतो.

आणि तरीही ह्याच माणसांनी किंगकाँगवर जीव टाकला! किंगकाँगचं खरं नाव एमिल झाया. १९०९ साली ब्राशोव्हला जन्मलेला हा गृहस्थ दोनशे किलोच्या आसपास वजन, दाढी आणि डरकाळी एवढं भांडवल घेऊन हिंदुस्थानात आला. दारासिंगनं त्याला डोक्यावर उचलून गरगरा फिरवलं, ही कथा आबा अशी सांगतात की ऐकणाऱ्यानं आपला चहाचा पेला सांभाळावा. पुढं १९६२ साली ‘किंगकाँग’ नावाचा हिंदी चित्रपट आला आणि त्यात नायक कोण? दारासिंग! कुस्तीत माणूस हरवला आणि पडद्यावर त्याचं नावही नेलं.

“पण आबा, ते खरं का लुटुपुटूचं?” पुतण्या विचारतो.

“खरं! १९६८ साली मुंबईत त्या लू थेझला हरवलं, ते बी खरंच!”

गंमत अशी की जन्मभर ज्याला ‘खरं का खोटं’ विचारलं, तोच दारासिंग १९८७ साली दूरदर्शनच्या ‘रामायणा’त हनुमान होऊन चक्क उडाला, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. घराघरांतून टी.व्ही.ला हार घातले.

मात्र सोंगाचा संशय सगळ्यांना सारखा माफ नसतो. हमीदा बानू ही ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’. जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं आव्हान. १९५४ साली तिनं बडोद्यात बाबा पैलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत पाडलं. आमच्या कोल्हापुरात तिनं शोभासिंग पंजाबीला हरवलं, तेव्हा मात्र प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. म्हणे कुस्ती नुरा होती! किंगकाँगच्या डरकाळीवर आम्ही टाळ्या दिल्या आणि बाईच्या डावावर दगड. इथं आबाही गप्प बसतात. एरवी त्यांना गप्प बसवायला कलाजंगच लागते.

नव्वदीत केबल आली आणि धाकट्या तटाचं युग सुरू झालं. शाळेच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा पैलवानांचे पत्ते जास्त. अंडरटेकरला सात जन्म आहेत, ही माहिती अख्ख्या वर्गाला होती. सातचा पाढा मात्र नव्हता. २२ नोव्हेंबर १९९० ला अमेरिकेत ह्या अंडरटेकरनं पहिलं दर्शन दिलं. त्याच रात्री, त्याच कार्यक्रमात, बरेच दिवस जपून ठेवलेलं एक भलंमोठं अंडं फुटलं आणि आतून टर्की कोंबड्याचा पोशाख घातलेला पैलवान बाहेर येऊन नाचू लागला. लोकांनी त्याला हुसकावलं. एकाच रात्री एक सोंग अमर झालं आणि दुसऱ्याचं ऑम्लेट!

पुतण्याकडं अशी मोठी यादी आहे. जोकर झाला, कर वसूल करणारा अधिकारी झाला, कचरेवाला झाला. १९९५ साली एक दंतवैद्यही आखाड्यात आला. त्याचाच पुढं मुखवटा घातलेला केन झाला आणि २०१८ साली हा माणूस टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला.

“आपल्याकडं निवडून आल्यावर दात दावत्यात,” आबा म्हणाले, “ह्यानं आधीच उपटायला घेतलं.”

ही सगळी सोंगं आहेत, हे कंपनीनं १९८९ सालीच न्यू जर्सीच्या सिनेटपुढं सांगून टाकलं होतं : हा खेळ नाही, करमणूक आहे, तेव्हा खेळाचे नियम आणि कर आम्हाला नकोत. आबांनी त्यावर मान डोलावली. “टॅक्स वाचत असंल तर माणूस खरं बी बोलतो!”

पण एका नावाशी धाकट्या तटाचंही हसू थांबतं. ओवेन हार्ट. चांगल्या घराण्यातला, अंगात डाव असलेला पैलवान. त्याला ‘ब्लू ब्लेझर’ नावाचं निळ्या मुखवट्याचं, पिसांचं, विनोदी महाबलीचं सोंग दिलेलं. २३ मे १९९९ ला कॅन्सस शहरात छतावरून दोरानं खाली यायचं आणि शेवटी तोंडावर आपटून लोकांना हसवायचं, असा बेत. दोर वरच सुटला. तो सत्तर-पंचाहत्तर फुटांवरून पडला आणि गेला. वय चौतीस. कार्यक्रम पुढं चालू राहिला.

पुतण्यानं हे सांगितलं तेव्हा आबांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, “सोंग खोटं आसतंय बाबा. पण त्याच्या आत माणूस खरा आसतो.”

पन्हाळ्यावर हे वाक्य साधं राहत नाही. १६६० च्या जुलैत, वेढ्याच्या त्या पावसाळी रात्री, शिवा काशीद महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसला आणि ओळखला गेल्यावर त्यानं त्या सोंगाची किंमत प्राणानं दिली. त्याची समाधी गडाच्या पायथ्याला आहे. टर्की कोंबडा आणि शिवा काशीद एका ओळीत बसवायचे नाहीत, एवढी अक्कल आमच्या मंडळाला आहे. पण दुसऱ्याचं रूप घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला, निदान दगड मारण्याआधी, नीट बघून घ्यावं, एवढं ह्या गडावर राहून आम्ही शिकलोय.

उद्याचा विषय ग्रेट खली. आबा म्हणतात, त्याच्या चहाचे पैसे पुतण्यानं द्यायचे.