शार्ङ्गदेवाचा नर्तनाध्याय आणि देशी नृत्य

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. भरतप्रणीत १०८ करणांवर तो थांबत नाही. उड्डाणप्रधान ३६ देशी करणेही नोंदवितो. शास्त्राने लोकपरंपरेस दिलेली ही मान्यताच होय.

त्यातील ‘गौंडली’ या नृत्याची उत्पत्तिकथा काकतीयांचा सेनानी जायप याच्या ‘नृत्तरत्नावली’त (इ. स. १२५३-५४) आढळते. कल्याणच्या सोमेश्वर राजाने उत्सवात भिल्लिणीच्या वेषातील नर्तन पाहिले व महाराष्ट्रात भिल्लिणीस ‘गोंडिणी’ म्हणत, म्हणून त्यास हे नाव दिले. नामसाम्यावरून ‘गोंधळ’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. तो निर्विवाद मानता येत नाही. शार्ङ्गदेवाची गौंडली ही स्वतः गात नाचणारी नर्तकी आहे, तर गोंधळ हा गोंधळ्यांनी घालावयाचा देवीचा विधी. ज्या भिल्लिणीचा वेष दरबारात मिरवला, तिचे स्वतःचे पदन्यास मात्र ग्रंथात उतरले नाहीत.